जपानी शाळेत दुसरीत जाणाऱ्या मुलीच्या आईला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांची तीन वर्षांसाठी टोकियोला बदली झाली आहे, ऑगस्टमध्ये तुम्ही सगळे इकडे येताय, मुलीला फेब्रुवारीत सात पूर्ण झाली. तिला इथल्या सरकारी शाळेत घालावं की भारतीय शाळेत? शिवाय तुम्ही तीन गोष्टी ऐकल्या आहेत. चौथीपर्यंत परीक्षाच नसते, मुलं शाळेचे संडास धुतात आणि गणितात ही मुलं फार पुढे असतात.

मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली सोळा वर्षं टोकियोच्या पूर्व भागातल्या सरकारी प्राथमिक शाळांत परदेशी मुलांना भाषेसाठी मदत करते. आठवड्यातले चार दिवस मी वर्गात अशाच एखाद्या मुलाशेजारी लहान खुर्चीवर बसलेली असते. म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मग सांगते. सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुक्काम आणि दुपारी घरी आईबाबांपैकी कोणीतरी एक जण असेल, तर सरकारी शाळेत घाला. मुलगी तेरा वर्षांची असती तर मी बरोबर उलट सांगितलं असतं.

आधी परीक्षेचं बघू, कारण तो गैरसमज आपल्याकडे फार पसरला आहे. चाचण्या पहिलीपासून असतात. प्रत्येक धडा संपला की भाषेची आणि गणिताची छापील चाचणी होते, तिला गुण मिळतात आणि ती घरी येते. सत्राच्या शेवटी प्रगतिपुस्तक मिळतं, मात्र त्यात टक्के किंवा क्रमांक नसतात. दुहेरी वर्तुळ, वर्तुळ आणि त्रिकोण अशा खुणा असतात. नापास करणं हा प्रकार नाही, वयानुसार मूल पुढच्या वर्गात जातं. २ एप्रिल ते पुढच्या वर्षीचा १ एप्रिल या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात, इतका सरळ हिशेब असतो. त्यामुळे तुमची मुलगी कुठलीही प्रवेशपरीक्षा न देता थेट दुसरीत बसेल. खरी कसोटी पंधराव्या वर्षी लागते, हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेत. तीन वर्षांत परतायचं असेल तर तो डोंगर तुमच्या वाटेत येतच नाही.

आणखी एक चित्र डोक्यातून काढून या. रेल्वेच्या डब्यांत वर्ग भरणारी, मुलांना हवा तो विषय आधी करू देणारी 'तोत्तोचान' पुस्तकातली तोमोए ही कोबायाशी सरांची शाळा मराठी घरांत फार प्रेमाने वाचली गेली आहे. ती १९३७मध्ये सुरू झालेली छोटी खासगी शाळा होती आणि १९४५च्या हवाई हल्ल्यात जळाली. आजच्या सरकारी शाळा तशा नाहीत. इथे वेळापत्रक आहे, घंटा आहे, तीस-पस्तीस मुलांचा वर्ग आहे आणि प्रत्येक मूल त्याच वेळी तेच करतं. तरीही शिकवण्याची जी गोष्ट मला या शाळांत सगळ्यात मोलाची वाटते, ती याच तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात घडते. एक तास जवळून दाखवते.

नोव्हेंबर महिना, पहिलीचा वर्ग. फळ्यावर काकीच्या झाडाचं चित्र. काकी म्हणजे इथलं शरद ऋतूतलं नारिंगी फळ, आपल्याकडे फळवाल्यांकडे पर्सिमॉन म्हणून येतं ते. झाडावर १३ फळं होती, ९ तोडली, किती राहिली? तास पंचेचाळीस मिनिटांचा आणि गणित हे एवढं एकच. बाईंनी रीत सांगितली नाही. मुलं आपापल्या वहीत करू लागली आणि बाई बाकांमधून फिरू लागल्या. त्यांच्या हातात वर्गाच्या बैठकीचा तक्ता होता. कोणी बोटं मोजली, कोणी गोळे काढून खोडले, कोणी संख्या फोडली, हे त्या प्रत्येकाच्या नावापुढे टिपत होत्या. मी आधी समजत होते की त्या शिस्त बघायला फिरतात. खरं तर पुढची वीस मिनिटं कोणाला कोणत्या क्रमाने बोलवायचं, ते त्या ठरवत होत्या.

पहिल्यांदा बोटांवर मोजणारा मुलगा उठला. १३, १२, ११ करत तो ४ वर पोचला. त्याची रीत फळ्यावर लिहिली गेली, शेजारी त्याच्या नावाची चुंबकाची पट्टी लागली. मग बाईंनी एका मुलाचं उत्तर लिहिलं: ६. फुली मारली नाही, चूक म्हटलं नाही. वर्गाला एवढंच विचारलं, "हे ६ कुठून आले असतील?"

वर्ग गप्प. बाईही गप्प. आपल्याकडे शिक्षक एवढा वेळ गप्प राहिला तर साहेबांना वाटेल तयारी नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "३ मधून ९ जात नाहीत. म्हणून त्याने ९ मधून ३ काढले." आणि जरा थांबून, "मीपण आधी तसंच करणार होते." मी त्या मुलाच्या शेजारीच बसले होते. त्याची मान खाली होती, ती या वाक्याला वर आली. आपण मूर्खासारखं काही केलं नाही, आपल्या डोक्यात जे आलं त्याला कारण होतं आणि ते दुसऱ्या कोणालातरी कळलं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग १३ फोडून १० आणि ३ करायची रीत आली. संख्येखाली दोन देठ आणि दोन गोल काढायचे, जोडीच्या चेरीसारखे. त्याला इथे चेरीचं गणितच म्हणतात. १० मधून ९ गेले, १ राहिला, १ आणि ३ मिळून ४. दुसऱ्या एकाने आधी ३ काढून १० केले आणि मग ६ काढले. तासाच्या शेवटी फळ्यावर डावीकडून उजवीकडे सगळं होतं, बोटांपासून ६ पर्यंत आणि चेरीपर्यंत. काहीही पुसलं नव्हतं. फळ्याच्या या मांडणीला बान्शो म्हणतात आणि नवीन शिक्षकाला ती शिकावी लागते. त्या दिवशीच्या फळ्याकडे बघून कोणालाही सांगता आलं असतं की वर्ग कुठून निघाला आणि कुठे पोचला.

हा तास बघायला त्या दिवशी शाळेतले सगळे शिक्षक भिंतीला टेकून उभे होते. याला केंक्यू ज्युग्यो म्हणतात, म्हणजे अभ्यासासाठी उघडलेला तास. आधी काही शिक्षक मिळून पाठाचा आराखडा लिहितात, एक जण शिकवतो, बाकीचे बघतात आणि मुलं घरी गेल्यावर बसून चर्चा करतात. त्या दिवशीच्या चर्चेचा बराचसा वेळ एकाच मुद्द्यावर गेला: सुरुवात १३ वजा ९ ने करायची की १२ वजा ८ ने? ९ हा १० च्या अगदी शेजारी आहे, म्हणून १० मधून काढल्यावर १ उरतो हे मुलाला चटकन दिसतं. १२ वजा ३ दिलं असतं तर मुलं आधी २ आणि मग १ काढत बसली असती आणि दहाची रीत कोणालाच सुचली नसती. आकडे असे निवडलेले असतात. ही पद्धत मेइजी काळापासून चालत आली आहे आणि माझ्या मते जपानी शिक्षणातली जगाने घ्यावी अशी पहिली गोष्ट हीच. तिला पैसे लागत नाहीत, आपला तास दुसऱ्याला दाखवायची तयारी लागते.

तेव्हा तुमच्या मुलीचं गणित मागे पडेल का? नाही. वेग कमी वाटेल, कारण आपल्या इंग्रजी शाळांत दुसरीला जेवढं भरतात तेवढं इथे नसतं. पण एक योग छान जुळतो आहे. ती सप्टेंबरमध्ये वर्गात बसेल आणि दुसरीच्या शरदात इथे पाढे सुरू होतात. त्यांना कुकु म्हणतात, ९ नव्वे ८१ पर्यंतच, आपल्यासारखे तीसपर्यंत नाहीत. तेही आपल्यासारखेच तालावर म्हणतात. आपलं "बे दुणे चार" आणि त्यांचं "नि निन गा शि". सरळ, उलटे आणि विस्कटून, असे तिन्ही प्रकारे म्हणून दाखवले की कार्डावर शिक्का मिळतो. भाषा येत नसलेल्या मुलाला वर्गात पहिल्यांदा बरोबरीने उभं राहायला मिळतं ते इथे. मी ते अनेकदा पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला भरून येतं.

मात्र एक गोष्ट आधी सांगून ठेवा. एका ताटलीत ५ सफरचंदं, अशा ३ ताटल्या, तर इथे ५ × ३ असंच मांडायचं असतं. ३ × ५ लिहिलं तर उत्तर १५ येऊनही पुष्कळ शिक्षक मांडणी चूक धरतात. यावर इथेच वाद आहे, पण चाचणीत गुण जातात. आपल्या "पाच त्रिक पंधरा"ची आठवण करून दिली की मुलांना क्रम बरोबर कळतो.

आकड्यांच्या नावांचंही त्यांना सोपं जातं. अकरा म्हणजे दहा-एक, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, साठ दोन" आलं आणि केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या मंगला नारळीकरांना तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी इथे मुलांना रोज दहा-एक, दहा-दोन म्हणताना ऐकते, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. आपली संख्यानामं मी मुलांना शिकवतेच, ती आपली आहेत, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत सात वर्षांचं मूल अडखळलं तर तो मुलाचा दोष नसतो.

आता झाडू आणि जेवण. या दोन्ही गोष्टी इथे अभ्यासक्रमात येतात, तोक्कात्सु नावाखाली. दिवसाची सूत्रं आळीपाळीने मुलांनी घेणं, वर्गसभा, सफाई, वाढप, सगळं त्यात येतं. इजिप्तने २०१८पासून जपानी धर्तीच्या शाळा काढल्या, त्यांनी मुद्दाम उचललं तेही हेच.

संडासाचं म्हणाल तर ते शाळेवर अवलंबून आहे. मी काम केलेल्या शाळांत ते बहुधा वरच्या वर्गांकडे असायचं. दुसरीकडे वर्ग आणि बाहेरचा व्हरांडा येतो. पंधरा-वीस मिनिटं ध्वनिक्षेपकावर गाणं लागतं, बाकं मागे सरकतात आणि मुलं ओल्या फडक्यावर दोन्ही तळवे टेकून, पार्श्वभाग वर करून लाकडी जमिनीवरून धावत सुटतात. त्या फडक्याला झोकिन म्हणतात. मागे एक मराठी मुलगी वर्गात आली होती. चुणचुणीत, वाचनात हुशार, पण झोकिन पिळता येत नव्हतं. घरी बाई यायच्या, कधी वेळच आली नव्हती. तिच्या शेजारच्या मुलाने काही न बोलता आपलं फडकं उभं धरलं, एक हात वर, एक खाली, आणि पिळून दाखवलं. आडवं धरून पिळलं तर जोर लागत नाही, उभं धरून लागतो, हे इथे पहिलीत शिकवतात. तिने तीनदा करून पाहिलं. माझ्या आठवणीप्रमाणे त्या दोघांची मैत्री तिथून सुरू झाली.

दुपारचं जेवण, क्यूशोकु, वर्गातच होतं. त्याचा कायदा १९५४चा. आठवडाभर एक गट पांढरे अंगरखे, टोप्या आणि मास्क घालून स्वयंपाकघरातून पातेली आणतो आणि वाढतो. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही, शिक्षकही नाहीत. शेवटच्या ताटाला सूप कमी पडलं, तर वाढणारं मूल डाव घेऊन फिरतं आणि बाकीची मुलं आपल्या वाटीतलं एकेक डाव परत देतात. शुक्रवारी तो अंगरखा घरी येतो. तो तुम्ही धुवायचा, इस्त्री करायचा आणि सोमवारी परत पाठवायचा, कारण आता दुसरं मूल तो घालणार असतं. हे विसरू नका. विसरल्यास कोणी रागावणार नाही, पण तुमच्या मुलीला ते फार लागेल.

तुम्ही शाकाहारी असाल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचा अर्क असतो. बहुतेक शाळा घरचा डबा आणू देतात आणि महिन्याचा जेवणाचा तक्ता आधी देतात. मी पालकांना सुचवते की त्या तक्त्यातल्या भाताच्या दिवशी भात आणि पावाच्या दिवशी पाव असाच डबा द्या. सात वर्षांच्या मुलाला तेवढा सारखेपणा पुष्कळ आधार देतो.

आता कठीण बाजू. ती मी लपवणार नाही.

या शाळेत सगळ्यांसारखं असण्याला फार मोल आहे. तुमच्या मुलीचे कान टोचलेले असतील, आणि इथे लहान मुलं कानात काही घालत नाहीत. बहुतेक शाळा आपली रीत म्हणून समजून घेतात, पण सांगावं लागतं आणि पोहण्याच्या नि खेळाच्या तासाला काढून ठेवा म्हणतात. कोणी मारणार नाही, शिक्षा म्हणून हात उगारायला १९४७च्या कायद्यापासून बंदी आहे. पण नुसत्या बघण्यानेही मूल कोमेजू शकतं. तुमच्या मुलीचंच नव्हे, इथल्या मुलांचंही तसं होतं. २०२३-२४ या शालेय वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ३ लाख ४६ हजारांहून अधिक मुलं तीस किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत गेली नाहीत, आणि ते आजारपणामुळे किंवा पैशांमुळे नव्हे. शाळेत जाववत नाही, एवढंच. जपानी शाळेचं कौतुक करताना ही मुलं मला नेहमी आठवतात. आणि शिक्षकही. २०१८च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत इथल्या प्राथमिक शिक्षकांचे कामाचे तास आठवड्याला ५४ हून अधिक भरले. एका गणितावर चर्चा करायला जो वेळ लागतो, तो त्यांच्या घरातून जातो.

तुमच्या मुलीसाठी पहिले काही महिने भाषेचे असतील. ती वर्गात एक शब्दही बोलणार नाही अशी शक्यता आहे. तीन महिने, कधी सहा. घाबरू नका आणि "आज काय बोललीस?" असं रोज विचारू नका. ती ऐकून साठवत असते. खेळायचं जपानी वर्षभरात येतं. पाठ्यपुस्तकातलं जपानी यायला पाच-सात वर्षं लागतात, आणि इथेच पालक फसतात. मुलगी मैत्रिणींशी फाडफाड बोलते म्हणून मदतीचा वर्ग बंद करतात आणि तिसरीत समाजशास्त्र आलं की ती अडकते. बोलणं छान वाटलं तरी मदतीचा तास सोडू नका. २०१४पासून असा तास शाळेच्या वेळापत्रकातच बसवता येतो, त्यासाठी मागणी करा. दुसरीत १६० कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, आहेत, पहिलीच्या ८० तिच्या राहून गेल्या. त्या रोज दोन-तीन या वेगाने भरून काढता येतात.

घरी मात्र मराठीच बोला. मोडकं जपानी मुळीच बोलू नका. ज्या मुलांची घरची भाषा पक्की असते ती दुसरी भाषा भक्कमपणे उचलतात, हे मी सोळा वर्षांत वारंवार पाहिलं. परत जाताना ती पाचवीला असेल, तेव्हा देवनागरी वाचन रोज वीस मिनिटं चालू ठेवा.

भारतीय शाळाही चांगल्या आहेत. २००४ आणि २००६मध्ये टोकियोत सुरू झालेल्या दोन शाळांत इंग्रजी माध्यम आहे, परतल्यावर काही तुटत नाही. मोठ्या मुलांसाठी मी तोच मार्ग सुचवते. पण शेजारच्या घरातलं मूल ज्या शाळेत चालत जातं, त्या शाळेत गेल्याने वस्ती आपली होते. मूळचे आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डच्या नगरसभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आपल्या माणसासाठी ही दारं बंद नाहीत.

आल्यावर पत्ता नोंदवायला वॉर्ड ऑफिसात जाल, तिथेच शिक्षण मंडळाच्या खिडकीवर शाळेचा अर्ज मिळेल. परदेशी मुलांना शाळा सक्तीची नाही, म्हणून बोलावणं यायची वाट बघू नका, स्वतः मागा. फी नाही, पुस्तकं मोफत. पाठीवरचं महागडं रांदोसेरु दप्तर लगेच घेऊ नका, साधी सॅक चालते का ते विचारा, बहुधा चालते. शाळेत घालायच्या वेगळ्या बुटांवर, पेन्सिलींवर, गणिताच्या डब्यातल्या प्रत्येक काडीवर आणि ठोकळ्यावर नाव लिहायचं असतं. एक अख्खी संध्याकाळ जाते, तेव्हा नावाच्या चिकटपट्ट्या आधीच छापून घ्या. रेनराकुचो नावाची वही रोज उघडा. उद्या काय आणायचं ते मुलगी त्यात उतरवून आणते आणि तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्यातच लिहायचं. वाचता येत नसेल तर फोनने भाषांतर करा, पण सही रोज करा. सही दिसली की शिक्षकांना कळतं घरी कोणीतरी बघतंय. मोठ्याने वाचनाचंही कार्ड येईल. तुम्हाला एक अक्षर कळलं नाही तरी शेजारी बसून ऐका आणि खूण करा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, १९२३च्या भूकंपाच्या आठवणीने, कवायत असते. खुर्चीवर उशीसारखी घातलेली जाड टोपी मुलं डोक्यावर चढवतात. बऱ्याच शाळा पालकांना बोलावून मूल हाती देण्याचीही तालीम करतात. तुम्ही दोघांनी एकदा तरी चालत जाऊन ती करा.

ऑगस्टपर्यंत फक्त हिरागाना करून घ्या, ४६ अक्षरं. हे आपल्या मुलांना सोपं जातं, कारण त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेवरून घडला आहे, बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. तिला सांगा, कच्या ओळीत का-कि-कु-के-को, आपल्या बाराखडीसारखं. आणि एक वाक्य पाठ करून घ्या, "वाकारिमासेन", मला कळलं नाही. हे म्हणता येणारं मूल कमी रडतं.

शाळा सुरू होताना दोन झोकिन मागतील. दुकानात मिळतात, पण येताना एक जुना पातळ टॉवेल आणा, चौपदरी घडी करून कडेने टाके घाला. कोपऱ्यावर तिचं नाव तिलाच हिरागानात लिहू द्या, आणि बाथरूममध्ये नळाखाली धरून, उभं पिळायला शिकवा.